मॅजिकच्या टेबलावर दोन कार्डं भिडली तर निकाल कसा लावायचा

गेल्या महिन्यात नाशिकरोडहून नववीतला एक मुलगा आमच्याकडे पहिल्यांदाच खेळायला आला. रविवारी दुपारी इंदिरानगरला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळायला बसतो. त्याच्यासमोर अंबडच्या कारखान्यात काम करणारा आमचा जुना गडी होता. मुलाने आपलं ग्रिझली बेअर्स, म्हणजे २/२ चं साधं अस्वल (पहिला आकडा पॉवर म्हणजे मारायची ताकद, दुसरा टफनेस म्हणजे सोसायची), हल्ल्याला पाठवलं आणि त्याला बळ द्यायला जायंट ग्रोथ टाकलं. या कार्डाने टर्न संपेपर्यंत क्रीचरला +३/+३ मिळतात. समोरच्याने डोंगराचं, म्हणजे जमिनीचं, एक कार्ड आडवं केलं, एक लाल माना (कार्ड टाकायला लागणारी शक्ती) काढला आणि अस्वलावर लाइटनिंग बोल्ट ठेवला. तीन डॅमेज. अस्वल गेलं.

मुलगा हिरमुसला. “पण काका, मी आधी टाकलं ना? मग माझं आधी व्हायला नको का?”

हा प्रश्न प्रत्येक नवा खेळाडू विचारतो, आणि तो अगदी रास्त आहे. आपण सगळे पत्त्यांतून आलेलो. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट, मे महिन्यात गच्चीवर रमी. तिथे पान उतरलं की उतरलं, आणि हुकूम कोणता हे एकदा ठरलं की डाव संपेपर्यंत तोच. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक पान आपला नियम सोबत घेऊन येतं. अशी दोन पानं समोरासमोर आली की काय होईल, हे आवाज चढवून ठरत नाही. त्यासाठी काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे असतात. तो क्रम मी इथे मांडतो आहे. जमीन टॅप करून माना काढायचा, क्रीचरने हल्ला करायचा, वीस लाइफवरून सुरुवात, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिली पायरी: कार्ड मोठ्याने वाचा, चित्र विसरा

वाद झाला की आमच्याकडे पहिला नियम असा: दोघांनी आपापलं कार्ड शब्दन् शब्द मोठ्याने वाचायचं. निम्मे वाद इथेच मिटतात, कारण “मला वाटलं असं लिहिलंय” आणि “खरंच असं लिहिलंय” यांत फरक निघतो. चित्रात मोठे पंख आहेत, पण मजकुरात ‘फ्लाइंग’ हा शब्द नाही, तर ते क्रीचर उडत नाही. चित्रातली आग, पाऊस, लाकूड यांना नियमांच्या दृष्टीने काही किंमत नाही.

कार्डं मराठीत येत नाहीत. (२००१ मध्ये अपोकॅलिप्स संचाच्या वेळी फंगल शॅम्बलर हे एक प्रचारकार्ड संस्कृतमध्ये छापलं होतं. देवनागरी अक्षरांतलं मॅजिक कार्ड हातात धरायची माझी फार इच्छा आहे.) त्यामुळे आपण इंग्रजी वाचतो आणि मनातल्या मनात मराठी करतो. ते करताना बारीक शब्द गळतात, आणि नेमक्या त्या बारीक शब्दांवरच निकाल अवलंबून असतो. म्हणून काही शब्द पाठच करून टाका.

‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘अ‍ॅट’ने सुरू होणारं वाक्य म्हणजे ट्रिगर. काहीतरी घडलं की ते आपोआप सुटतं. मध्ये विसर्गासारखे दोन टिंब, म्हणजे अपूर्णविराम असेल, तर टिंबांच्या आधी किंमत आणि नंतर फळ. ही अ‍ॅबिलिटी तुम्ही स्वतः चालवायची. ‘इन्स्टेड’ दिसलं तर थांबा, त्याच्यासाठी पुढे वेगळी पायरी आहे. ‘मे’ असेल तर तुमच्या मर्जीवर, ‘मे’ नसेल तर करावंच लागतं, नुकसान होत असलं तरी. आणि ‘कान्ट’ हा शब्द सगळ्यांत भारी. एक कार्ड ‘करता येईल’ म्हणत असेल आणि दुसरं ‘करता येणार नाही’ म्हणत असेल, तर ‘येणार नाही’ जिंकतं. नियमपुस्तकाच्या अगदी सुरुवातीला, १०१ क्रमांकाखाली हे लिहिलेलं आहे. त्याच्याच शेजारी खेळाचा मूळ नियमही आहे: पुस्तक आणि कार्ड यांच्यात विसंवाद झाला तर कार्डाचं ऐकायचं.

जुनं कार्ड असेल तर छापलेला मजकूरही अंतिम धरू नका. कंपनी जुन्या कार्डांची भाषा वेळोवेळी सुधारते. ती सुधारलेली भाषा गॅदरर या अधिकृत संग्रहात किंवा स्क्रायफॉल या संकेतस्थळावर कार्डाचं नाव टाकलं की मिळते. खाली त्या कार्डाविषयीचे जुने निकालही असतात. ते आवर्जून वाचा, तुमचा प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला असतो.

दुसरी पायरी: चळत मांडा

आता त्या अस्वलाकडे येऊ.

स्पेल, म्हणजे जमीन सोडून टाकलेलं कोणतंही कार्ड, टाकला की तो लगेच घडत नाही. आधी तो स्टॅकवर जातो. स्टॅकला आपल्याकडे नेमका शब्द आहे: चळत. डब्यातल्या पोळ्यांची चळत आठवा. शेवटची पोळी सगळ्यांत वर ठेवली जाते आणि ताटात पहिली तीच येते. स्टॅकचं तसंच आहे. मुलाने जायंट ग्रोथ ठेवलं, ते खाली. समोरच्याने त्याच्यावर बोल्ट ठेवला. वरचा बोल्ट आधी घडला, त्या क्षणी अस्वल अजून २/२ होतं, तीन डॅमेज खाऊन मेलं. मग खालच्या जायंट ग्रोथची वेळ आली, तर बळ द्यायला अस्वलच उरलं नव्हतं. कार्ड वाया.

तेच उलट्या क्रमाने करून बघा. समोरच्याने आधी बोल्ट टाकला आणि मुलाने त्यावर जायंट ग्रोथ ठेवलं. आता ग्रोथ वर आहे, आधी तेच घडेल, अस्वल ५/५ होईल, मग तीन डॅमेज येईल आणि अस्वल उभं राहील. कार्डं तीच, अस्वल तेच, फरक फक्त कुणी कुणाला उत्तर दिलं याचा. म्हणून बळ वाढवणारं कार्ड हातात धरून ठेवावं आणि शक्यतो समोरच्याच्या वारावर उत्तर म्हणून टाकावं. ही तीनही कार्डं १९९३ च्या पहिल्या संचातली आहेत, आणि हा डावपेच मी आजही नव्या माणसाला सगळ्यांत आधी शिकवतो.

मुलाने लगेच पुढचा प्रश्न काढला, आणि तो मला फार आवडला. “समजा अस्वल ५/५ होऊन वाचलं. पण टर्न संपताना ते परत २/२ होणार ना? अंगावर तीन डॅमेज आहेच. मग तेव्हा मरेल?” मरत नाही. टर्नच्या शेवटच्या टप्प्यात अंगावरचं डॅमेज पुसलं जाणं आणि ‘टर्न संपेपर्यंत’ वाले परिणाम संपणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात. नियम ५१४.२. अस्वल २/२ होतं तेव्हा त्याच्या अंगावर डॅमेज शिल्लकच नसतं.

चळतीबद्दल नव्यांची आणखी एक गफलत होते. त्यांना वाटतं, एकदा घडायला सुरुवात झाली की सगळी चळत सलग खाली येते. तसं नाही. दोघेही ‘पास’ म्हणाले की फक्त सगळ्यांत वरची एकच गोष्ट घडते. मग ज्याचा टर्न चालू आहे त्याला पुन्हा बोलायची संधी मिळते, त्यानंतर समोरच्याला. या संधीला प्रायॉरिटी म्हणतात. मधल्या जागेत कुणीही नवं कार्ड वर ठेवू शकतो. म्हणून टेबलावर एक सवय लावून घ्या: स्पेल टाकलात की नाव घ्या, टार्गेटवर बोट ठेवा, “रिस्पॉन्स?” असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या कार्डाला हात लावू नका. घाईघाईत तीन कार्डं खाली ठेवणाऱ्यांच्या टेबलावरच सगळ्यांत जास्त भांडणं होतात.

दोघांचे ट्रिगर एकदमच सुटले, तर ज्याचा टर्न आहे त्याचे आधी चळतीवर जातात, समोरच्याचे त्यांच्यावर. म्हणजे समोरच्याचे आधी घडतात.

अ‍ॅबिलिटीही चळतीवर जाते, आणि गेली की ती आपल्या मालकापासून सुटी होते. प्रॉडिगल सॉर्सरर नावाचा जादूगार टॅप होऊन कुणालाही एक डॅमेज देतो. त्याने टॅप होऊन वार केला आणि तुम्ही उत्तर म्हणून त्यालाच बोल्टने मारलंत, तरी तो एक डॅमेज येणारच. धनुष्यातून बाण सुटला, आता धनुर्धर पडून उपयोग नाही. नवा माणूस इथे नेहमी हटून बसतो, “मेलेला माणूस डॅमेज कसं देईल?” त्याला पोळ्यांची चळत पुन्हा मांडून दाखवा.

किंमत मात्र चळतीवर जात नाही. व्हिलेज राइट्स या काळ्या कार्डाला एक क्रीचर सॅक्रिफाइस करावं लागतं, म्हणजे स्वतःहून बळी द्यावं लागतं, मग दोन कार्डं उचलायची. हे सॅक्रिफाइस किंमत म्हणून आहे. स्पेल टाकतानाच क्रीचर गेलं, मध्ये बोलायला कुणाला फट नाही. नंतर समोरच्याने काउंटरस्पेलने व्हिलेज राइट्स उडवलं, तर कार्डंही मिळाली नाहीत आणि क्रीचरही परत आलं नाही. पण याच गोष्टीचा फायदाही घेता येतो. समोरच्याने तुमच्या क्रीचरवर मर्डर टाकलं, ते मरणारच आहे, तर उत्तर म्हणून त्यालाच व्हिलेज राइट्सची किंमत म्हणून द्या. मर्डरला टार्गेट उरत नाही आणि तुमच्या हातात दोन कार्डं येतात.

चळतीला न शिवणाऱ्या दोन गोष्टी: जमीन खाली ठेवणं आणि माना काढणारी अ‍ॅबिलिटी. लॅनोवार एल्व्ह्ज टॅप होऊन हिरवा माना देतात, तेव्हा “थांब, त्याआधी मी त्याला मारतो” असं म्हणता येत नाही. माना आला. एल्फ नंतर मारा हवा तर.

तिसरी पायरी: टार्गेट कोण आहे?

कार्डावर ‘टार्गेट’ हा शब्द छापलेला असेल तरच टार्गेट असतं. (ऑरा, म्हणजे दुसऱ्या कार्डाला लावायचं कार्ड, टाकताना तो शब्द एन्चांट या शब्दाच्या पोटात दडलेला असतो, एवढा अपवाद लक्षात ठेवा.) ‘निवडा’ म्हटलं म्हणजे टार्गेट झालं नाही. ‘सगळी क्रीचर’ म्हटलं तरी नाही.

टार्गेट दोनदा तपासलं जातं: टाकताना आणि घडताना. घडायच्या वेळी सगळी टार्गेटं बाद झालेली असतील तर स्पेल काहीही न करता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगात, जातो. त्यांतली काही बाद असतील तर उरलेल्यांवर जमेल तेवढं घडतं.

रँकर या हिरव्या ऑरावर आमच्याकडे अर्धा तास वाद चालला होता. रँकर क्रीचरला +२/+० आणि ट्रॅम्पल देतं, आणि ते बॅटलफिल्डवरून ग्रेव्हयार्डमध्ये गेलं की मालकाच्या हातात परत येतं. एकाने आपल्या क्रीचरवर रँकर टाकलं, दुसऱ्याने उत्तर म्हणून ते क्रीचर अनसमनने हातात पाठवलं. टार्गेट गेलं, रँकर ग्रेव्हयार्डमध्ये. आता ते हातात परत येणार का? मालक म्हणत होता, “ग्रेव्हयार्डमध्ये गेलं ना, मग येणार.” कार्ड पुन्हा मोठ्याने वाचलं: बॅटलफिल्डवरून. रँकर तर चळतीवरूनच ग्रेव्हयार्डमध्ये गेलं होतं, मैदानावर ते उतरलंच नव्हतं. परत येत नाही. त्या दिवसापासून ‘कुठून कुठे गेलं’ हा प्रश्न आम्ही प्रत्येक वेळी विचारतो.

त्याच अनसमनमुळे सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. कार्ड एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलं की खेळाच्या लेखी ती नवी वस्तू असते. हातात जाऊन परत मैदानावर आलेल्या क्रीचरला आधीचं काही आठवत नाही. त्याच्यावरचे काउंटर (वर ठेवलेल्या खुणा) गेले, डॅमेज गेलं, त्याच्यावर रोखलेला जुना स्पेलही त्याला लागू होत नाही. आणि आल्या टर्नला ते हल्ला करू शकत नाही.

हेक्सप्रूफ क्रीचर समोरच्याला टार्गेट करता येत नाही, एवढंच हेक्सप्रूफचं काम. स्लिपरी बोगल हे छोटं हेक्सप्रूफ क्रीचर ऑरा चढवून चढवून राक्षस केलं, तरी रॅथ ऑफ गॉडपुढे ते मरतं, कारण रॅथ कुणालाच टार्गेट न करता सगळ्यांना नष्ट करतं. डायबॉलिक एडिक्टपुढेही तेच होतं. तिथे टार्गेट खेळाडू आहे, आणि त्या खेळाडूला स्वतःचं एक क्रीचर सॅक्रिफाइस करावं लागतं. मैदानावर एकटं बोगलच असेल तर दुसरा पर्याय नाही.

चौथी पायरी: खेळाने स्वतः केलेली तपासणी

कुणालाही प्रायॉरिटी मिळायच्या आधी खेळ दरवेळी एक झाडाझडती घेतो. कुणाचं लाइफ शून्य झालं का? एखाद्या क्रीचरची टफनेस शून्यावर किंवा खाली गेली का? अंगावरचं डॅमेज टफनेसइतकं झालं का? एकाच नावाची दोन लेजेंडरी एकाच खेळाडूकडे आहेत का? ज्या क्रीचरला ऑरा लावली तेच गेलं, तर ऑरा अधांतरी आहे का? जे सापडेल त्याचा निकाल तिथेच लागतो, चळतीशिवाय, आणि त्याला कुणालाही उत्तर देता येत नाही. नियम ७०४.

इथे सगळ्यांत जास्त फसवणारा शब्द इन्डिस्ट्रक्टिबल. त्याचा अर्थ ‘अमर’ असा लावू नका. अर्थ एवढाच की ‘डिस्ट्रॉय’ होत नाही. डार्कस्टील मिर हे ०/१ चं इन्डिस्ट्रक्टिबल क्रीचर आहे. त्याला बोल्ट मारा, काही होत नाही, कारण पुरेसं डॅमेज झालं की क्रीचर डिस्ट्रॉय होतं आणि मिर डिस्ट्रॉय होत नाही. रॅथ टाका, तेच. पण डिसफिगर टाका, जे -२/-२ करतं. टफनेस उणे एक झाली. शून्याखालच्या टफनेसचं क्रीचर डिस्ट्रॉय होत नाही, ते थेट ग्रेव्हयार्डमध्ये ठेवलं जातं. मिर गेलं. सॅक्रिफाइसही डिस्ट्रॉय नाही, एक्झाइल, म्हणजे खेळाबाहेर काढणं, तेही नाही. म्हणून क्रीचर जातंय तेव्हा क्रियापद कोणतं आहे ते बघा.

अस्वलाच्या प्रश्नाची दुसरी बाजूही इथेच सापडते. तुमच्याकडे ग्लोरियस अँथम आहे, म्हणून २/२ चं अस्वल ३/३ आहे. लढाईत त्याने दोन डॅमेज खाल्लं आणि वाचलं. त्याच टर्नमध्ये समोरच्याने अँथम उडवलं. अस्वल लगेच २/२ झालं, अंगावर दोन डॅमेज अजून आहे, पुढच्या तपासणीत ते मेलं. जायंट ग्रोथच्या वेळी डॅमेज आणि बळ एकत्र पुसले गेले होते. इथे बळ आधी गेलं, डॅमेज मागे राहिलं.

पाचवी पायरी: ‘इन्स्टेड’ म्हणजे ते घडलंच नाही

रेस्ट इन पीस मैदानावर असेल तर ग्रेव्हयार्डमध्ये जाणारी प्रत्येक गोष्ट त्याऐवजी एक्झाइल होते. तुमचा डूम्ड ट्रॅव्हलर मेला, तर त्याच्या जागी १/१ चं उडणारं भूत यायला हवं. येत नाही. ‘डाइज’ या शब्दाचा नियमातला अर्थ ‘बॅटलफिल्डवरून ग्रेव्हयार्डमध्ये गेलं’ असा आहे. ट्रॅव्हलर ग्रेव्हयार्डला पोचलाच नाही, म्हणून ट्रिगर सुटलाच नाही. समोरचा म्हणेल, “आधी ग्रेव्हयार्डमध्ये जाईल, मग एक्झाइल.” नाही. इन्स्टेड घटनेच्या नंतर येत नाही, ती घटनाच बदलून टाकतं. ते चळतीवरही जात नाही, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही. ‘असं असं होऊन मैदानावर येतं’ अशी वाक्यंही याच जातीची.

सहावी पायरी: एकाच क्रीचरवर चार परिणाम

हा भाग अवघड आहे, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नवे खेळाडू हा भाग टाळतात आणि मग वर्षानुवर्षं अंदाजाने खेळत राहतात.

टर्न टू फ्रॉग हे निळं कार्ड. टर्न संपेपर्यंत टार्गेट क्रीचर आपल्या सगळ्या अ‍ॅबिलिटी गमावतं आणि मूळ १/१ चं निळं बेडूक होतं. समजा मुलाकडे सेरा एंजल आहे: ४/४, फ्लाइंग, व्हिजिलन्स. त्याने तिच्यावर जायंट ग्रोथ टाकलं, ७/७ झाली. आता मी टर्न टू फ्रॉग टाकलं. एंजल किती?

टेबलावर बहुतेक जण म्हणतात १/१, कारण बेडूक नंतर आलं. बरोबर उत्तर ४/४.

कारण खेळ हे परिणाम आले त्या क्रमाने मोजत नाही. तो ठरलेल्या सात थरांत मोजतो, नियम ६१३. आधी कॉपी, मग ताबा कुणाचा, मग मजकूर बदलणारे, मग प्रकार, मग रंग, मग अ‍ॅबिलिटी देणारे-काढणारे, आणि सगळ्यांत शेवटी पॉवर-टफनेस. शेवटच्या थराच्या पोटातही क्रम आहे: आधी ‘इतकं होतं’ असं ठरवणारे परिणाम, मग ‘इतकं वाढतं किंवा घटतं’ वाले परिणाम आणि काउंटर, मग पॉवर-टफनेसची अदलाबदल. मांडून बघा. एंजल ४/४. बेडूक सांगतं मूळ १/१, ते आधी. ग्रोथ सांगतं +३/+३, ते नंतर. झाली ४/४. उडणं गेलं, व्हिजिलन्स गेलं, रंग निळा झाला. आधी बेडूक करून नंतर ग्रोथ टाकलं असतं तरी उत्तर हेच.

मग क्रम कधीच महत्त्वाचा नसतो का? असतो, दोन्ही परिणाम एकाच थरात असतील तेव्हा. जंप हे निळं कार्ड टर्नपुरतं फ्लाइंग देतं. बेडूक अ‍ॅबिलिटी काढतं, जंप अ‍ॅबिलिटी देतं, दोन्ही सहाव्या थरात. इथे नंतर आलेला जिंकतो. आधी जंप, मग बेडूक: उडत नाही. आधी बेडूक, मग जंप: बेडूक उडतं. या नियमाला आणखी एक पोटनियम आहे, एक परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर काय, त्याचा. त्यात पहिल्या वर्षी शिरू नका.

हे कागदावर केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. मी वहीच्या पानावर सात आडव्या ओळी आखायला लावतो, प्रत्येक परिणाम आपापल्या ओळीत लिहायला लावतो, मग वरून खाली मोजायला लावतो. तीन-चार वेळा असं केलं की ओळी आखायची गरज उरत नाही.

लढाईतले दोन प्रश्न

डेडली रिक्लूज या १/२ च्या कोळ्याला डेथटच आहे, म्हणजे त्याने जरासं डॅमेज दिलं तरी समोरचं क्रीचर मरतं. त्याच्यावर रँकर चढवलं, तो ३/२ झाला, ट्रॅम्पलही आलं. हल्ला केला, समोर ४/४ ची सेरा एंजल अडवायला आली. ट्रॅम्पल म्हणतं, अडवणाऱ्याला मारण्यापुरतं डॅमेज दिलं की उरलेलं खेळाडूला. डेथटचमुळे मारण्यापुरतं म्हणजे फक्त एक. म्हणून एंजलला एक, खेळाडूला दोन. एंजल मेली, लाइफ दोनने कमी.

दुसरा प्रश्न दोन क्रीचरनी मिळून अडवलं तर काय, हा. जुने खेळाडू सांगतील, हल्ला करणाऱ्याने अडवणाऱ्यांची रांग लावायची आणि पहिला पुरता मेल्याशिवाय दुसऱ्याला डॅमेज द्यायचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स संचाबरोबर ती रांग नियमांतून गेली. आता डॅमेज द्यायच्या वेळी हवं तसं वाटता येतं. म्हणूनच कुणी जुना व्हिडिओ दाखवून निकाल देत असेल तर तारीख विचारा. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर स्टॅक आला, २००९ मध्ये लढाईतलं डॅमेज स्टॅकवर जायचं बंद झालं आणि न वापरलेल्या मानाने जळण्याचा नियमही गेला. त्या काळातली उत्तरं तेव्हा बरोबर होती.

तरीही सुटलं नाही तर

नियमांचं संपूर्ण पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. अडीचशेहून जास्त पानांचं आहे, ते सलग वाचायला बसू नका. प्रायॉरिटीसाठी ११७, स्टॅकसाठी ४०५, स्पेल टाकण्यासाठी ६०१, घडण्यासाठी ६०८, थरांसाठी ६१३, ‘इन्स्टेड’साठी ६१४, तपासणीसाठी ७०४ आणि कीवर्डसाठी ७०२ हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मोबाइलवर एरिना (मॅजिकचं डिजिटल रूप) खेळत असाल तर चळत डोळ्यांना दिसते, ते शिकायला फार चांगलं. फक्त एरिना वेळ वाचवायला काही थांबे आपोआप ओलांडतं, त्यामुळे ‘इथे उत्तर देताच येत नाही’ असा समज होऊ देऊ नका. फुल कंट्रोल चालू केलं की ते थांबे परत येतात.

स्पर्धेत असाल तर हात वर करा आणि जज म्हणा. जजला बोलावणं म्हणजे समोरच्यावर आरोप नाही, हे नव्या मुलांना आधीच सांगून ठेवा. जज येईपर्यंत टेबलावरचं काही हलवू नका. मी एकदा बाहेरगावच्या स्पर्धेत संकोचाने जजला बोलावलं नाही, समोरच्याच्या सांगण्यावरून माझं इन्डिस्ट्रक्टिबल क्रीचर रॅथखाली ग्रेव्हयार्डमध्ये ठेवलं आणि तो डाव हरलो. खेळ संपल्यावर काही दुरुस्त होत नाही.

घरच्या टेबलावर मिसळ आधी, हात साबणाने धुणं मग, कार्डं त्यानंतर. तर्रीचा डाग स्लीव्हवरून निघतो, कार्डावरून निघत नाही. पावसाळ्यात फॉइल कार्डं दमट हवेने वाकतात, ती डब्यात घट्ट बंद ठेवा.

आणि एक वही ठेवा. आमच्या टेबलावर दोनशे पानी वही आहे. प्रश्न मराठीत, खाली निकाल, शेजारी नियमाचा क्रमांक आणि तारीख. तोच प्रश्न सहा महिन्यांनी परत येतो, तेव्हा पुन्हा भांडावं लागत नाही. मागच्या रविवारी त्या नाशिकरोडच्या मुलाने एक पान भरलं. त्याच्यासमोर सेंगिर व्हँपायर होता, ४/४, उडणारा, काळा. त्याच्या हातात डूम ब्लेड होतं, जे काळ्या क्रीचरला टार्गेट करू शकत नाही. त्याने बराच वेळ विचार केला, मग व्हँपायरवर टर्न टू फ्रॉग टाकलं, ते घडू दिलं, “रिस्पॉन्स?” असं विचारून थांबला, आणि मग त्या निळ्या बेडकावर डूम ब्लेड ठेवलं. अंबडच्या गड्याने कार्ड उचलून वाचलं, “नॉनब्लॅक” या शब्दावर बोट ठेवलं, आणि व्हँपायर स्वतःच्या हाताने ग्रेव्हयार्डमध्ये ठेवला. वहीत मुलाने लिहिलंय: ‘रंग पाचव्या थरात बदलला. ब्लेड टाकताना काळा नव्हता. चालतं. ६१३.’